कुरुतचा वास लागलेला बाक

मी एक जुना बाक आहे. किती जुना, ते माझा रंग खरवडलात तर कळेल. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा हिरवा, आणि अगदी तळाशी एक तपकिरी, जो मलासुद्धा आता धड आठवत नाही. मित्रांनो, मी दोघांचा बाक आहे. बसायची फळी आणि लिहायची उतरती फळी एकाच सांगाड्यात जोडलेल्या, त्यामुळे मला जरा सरकवायचं म्हटलं तरी दोघांनाही उठावं लागतं.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. खालच्या बाजारगावातल्या एका सुतारानं मला घडवलं. हात चांगला होता त्याचा, पण घाई फार. एक पाय त्यानं आखूड ठेवला, आणि तेव्हापासून मी डुगडुगतो. नवा होतो तेव्हा पोरं माझ्यासाठी भांडली. पुढे चाकूनं नावं कोरून झाली, च्युइंगगम चिकटवून झाला, आणि मी खिडकीजवळच्या रांगेत गेलो. तक्रार नाही. बाकाचं आयुष्य असंच असतं.

आमच्या गावात एक पद्धत आहे. मे महिन्याच्या अखेरीस शाळेच्या वर्षाची शेवटची घंटा झाली की ज्यांचं मूल ज्या बाकावर बसतं, त्या घरानं तो बाक न्यायचा, खिळे ठोकायचे, रंग द्यायचा आणि एक सप्टेंबरला शाळा पुन्हा भरायच्या आत जागेवर आणून ठेवायचा. दोन मुलं असतील तर दोन्ही घरांनी आळीपाळीनं. आणखी एक पद्धत म्हणजे पालकांची बैठक. तेव्हा प्रत्येक बाप किंवा आई आपल्याच लेकराच्या जागेवर बसते. मोठ्या माणसांचे गुडघे माझ्या फळीखाली अडकतात आणि मग त्यांची चिडचिड होते.

त्या वर्षी माझ्यावर दुसरीतल्या दोन मुली बसायच्या, परिझात आणि ऐझिरेक. परिझात वाचायची. ऐझिरेकला वाचता येत नव्हतं.

हे वर्गात फक्त मला माहीत होतं. बाई एकेका मुलाला उभं करून तोच उतारा वाचायला लावायच्या. आधी परिझात, मग ऐझिरेक. परिझातनं वाचलेलं ऐकून ऐझिरेक ते जसंच्या तसं म्हणायची, अगदी घडाघडा, तिच्यापेक्षाही झोकात. पुस्तक माझ्या फळीवर असायचं आणि तिचं बोट भलत्याच ओळीवरून फिरत असायचं. मला ते बोट जाणवायचं. सांगणार कुणाला? बाकाला तोंड नसतं.

मे महिन्यात लेखी परीक्षा झाली आणि तिनं कोरा कागद दिला. बैठकीला तिचे बाबा आले, दोरोनबेक. घोड्यांचा कळप सांभाळणारा आडदांड माणूस. माझ्यात बसताना त्यांनी दोनदा शिवी गिळली.

बाईंचं नाव रायकान. आमच्याकडे बाईंना थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणतात. रायकान-एजे म्हणाल्या, "हिला येत असून हिनं काही लिहिलं नाही. घरी अभ्यास घेता का?"

"घरी ती सगळं पुस्तक म्हणून दाखवते," बाबा म्हणाले. "कुठेही अडत नाही. तुम्हीच घाबरवलं असेल."

"मी घाबरवते? तुम्ही शेवटच्या घंटेचीही वाट बघत नाही. पोरं उचलता आणि डोंगरावरच्या कुरणात जाता. सप्टेंबरात आणता तेव्हा सगळं पुसलेलं. मी पुन्हा पहिल्यापासून."

"एजे, मी तुम्हाला घोडीचं दूध पिळायला बोलावतो का? नाही ना. मग शिकवायचं तेवढं तुम्ही बघा."

"बघते," एजे म्हणाल्या. "सप्टेंबरात पुन्हा वाचायला लावीन. जमलं नाही तर ऐझिरेक दुसरीतच बसेल."

ऐझिरेक दाराबाहेर उभी होती. परिझात तिसरीत जाणार आणि आपण लहान पोरांत, हे तिनं ऐकलं. ती घरी गेली आणि पुस्तक आणखी पाठ करायला लागली. बिचारीला दुसरा मार्गच ठाऊक नव्हता.

मला न्यायची पाळी त्या वर्षी त्यांच्या घराची होती. बाबांनी मला अंगणात ठेवलं, आखूड पायाला ठोकळा लावला आणि रंग उद्या देऊ म्हणाले. त्या उद्यालाच त्यांचा कुरणावर जायचा दिवस ठरला. शेजारीपाजारी सामान चढवायला आले. आमच्याकडे अशा वेळी कुणी विचारत बसत नाही. अंगणात दिसेल ते ट्रकमध्ये टाकायचं. तंबूचं नमद्याचं जाड लोकरी कापड, चरव्या, कढया, आणि त्यांच्या मधोमध मी.

वर पोचल्यावर ऐझिरेकच्या आईनं, सल्कीननं, मला पाहिलं. "हे धूड कशाला आणलंत?"

"मी कुठे आणलं? आपणहून आलंय," बाबा म्हणाले.

परत पाठवायला ट्रक नव्हता. मग सल्कीननं माझा उपयोग शोधला. घट्ट दह्याचे गोळे वळून ती कुरुत करायची, आणि ते वाळवायला उतरती फळी बरी पडते, पाणी निथळून जातं. अख्खा जून महिना माझ्या पाठीवर कुरुत वाळत होते. शाळेचा बाक असून माझी ही गत झाली, याचं मला वाईट वाटलं हे कबूल करतो. वासाचं तर बोलायलाच नको.

एका दुपारी फळीच्या एका टोकाला कुरुत होते आणि दुसऱ्या टोकाला ऐझिरेक पुस्तक उघडून बसली होती. आई गोळे वळत होती आणि लेक मोठ्यानं म्हणत होती. कोल्हा आणि कोंबड्याची गोष्ट. तेवढ्यात वारा आला आणि पान उलटलं. नव्या पानावर नदीचं चित्र होतं. ऐझिरेक कोल्हा आणि कोंबड्याचंच म्हणत राहिली, बोट ओळीवर, नजर ओळीवर.

सल्कीनचे हात थांबले. तिनं हळूच आणखी एक पान उलटलं. कोल्हा चालूच. मग लेकीला आईचा हात दिसला आणि ती गप्प झाली. तिची मान खाली गेली.

"माझ्यासाठी पाणी आण जा," आई एवढंच म्हणाली. लेक गेल्यावर ती माझ्यावर बसली आणि ओल्या हातांनी तोंड झाकून रडली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. ते भडकले. "दोन वर्षं ती बाई करत काय होती?"

"आणि आपण काय करत होतो? पोरगी म्हणून दाखवते म्हणून खूश होत होतो. एकदा तरी पुस्तकात डोकावलात? मीही नाही डोकावले."

त्यावर दोरोनबेक तंबूबाहेर गेले आणि घोड्यांचे दोर पुन्हा तपासत बसले.

जुलैत रायकान-एजे घोड्यावरून वर आल्या. पलीकडच्या उतारावर त्यांच्या भावाचा कळप होता, पण त्या आल्या होत्या माझ्यासाठी. शाळेत एक बाक कमी भरत होता. मला पाहून त्या जागच्या जागी थांबल्या.

"चोरी पकडायला आलात का, एजे?" दोरोनबेक म्हणाले.

"चोरला असता तरी चाललं असतं. हे काय करून ठेवलंय त्याचं?"

रागावलेल्या पाहुण्यालाही आमच्याकडे आधी आत नेतात, दारासमोरच्या मानाच्या जागी बसवतात आणि घोडीच्या दुधाचा आंबट किमिझ देतात. दुसऱ्या वाडग्यानंतर सल्कीननं त्यांना बाहेर आणलं, ऐझिरेकला पुस्तक दिलं आणि सांगितलं, "एजे, तुम्हीच एखादं पान काढा."

एजेंनी मधलंच पान काढलं. ऐझिरेकनं त्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि मग आवाज न करता रडायला लागली.

एजे माझ्यावर तिच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "मी नेहमी परिझातनंतर हिला उभं करायचे. दोन वर्षं. हिचे कान तल्लख आहेत आणि मला वाटत राहिलं की डोळे वाचताहेत."

दोरोनबेकना टोमणा मारायची ही नामी संधी होती. त्यांनी मारला नाही. "आता काय करायचं ते सांगा," ते म्हणाले. "घोडी पिळायची असती तर मी तुम्हाला शिकवलं असतं."

एजे त्या दिवशी मला न घेताच निघाल्या. जाताना सल्कीनला त्यांनी सांगितलं की पुस्तक बंद करून ठेवा, एकेक अक्षर डोळ्यांपुढे ठेवा, आणि मी दर आठवड्याला वर येईन. आईकडे पाटी नव्हती, खडूही नव्हता. कुरुत होते. तिनं घट्ट दह्याच्या लांबट वळ्या करून माझ्या फळीवर पहिला शब्द मांडला: घोडा. आमच्या भाषेतला घोडा म्हणजे 'अत', दोनच साध्या अक्षरांचा. अट एकच. नीट वाचलं तरच खायचं.

ऐझिरेकनं घोडा खाल्ला. मग दूध खाल्लं, आई खाल्ली, नदी खाल्ली.

"ही पोरगी माझा कळप संपवणार," बाबा म्हणायचे. पण रोज कळप परत आणला की ते माझ्यात गुडघे कोंबून बसायचे आणि ती वाचायची ते ओळीवर नजर ठेवून ऐकायचे. एजेही सांगितल्याप्रमाणे येत राहिल्या. एकदा तर भर पावसात आल्या आणि भिजल्या म्हणून सल्कीनची बोलणी खाल्ली.

एक सप्टेंबरला मी शाळेत परतलो, नव्या रंगाशिवाय. बाकीचे बाक लखलखीत हिरवे. पोरांनी मला हुंगलं आणि नाकं मुरडली. वर्षाच्या पहिल्या घंटेला सगळे पालक आले होते. रायकान-एजेंनी एक नवंकोरं पुस्तक आणलं, जे गावात कुणीच पाहिलेलं नव्हतं, आणि ऐझिरेकला पहिलं उभं केलं. परिझातच्या आधी.

ती वाचायला लागली. एका शब्दाशी थांबली, पुन्हा मागे गेली, अक्षरं जुळवली, पुढे सरकली. पुन्हा थांबली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पूर्वी ती घडाघडा म्हणायची, आणि आता अशी अडखळत होती की शेजारच्या बायकांना तिची कीव आली. पण माझ्या फळीला कळत होतं की बोट बरोबर त्याच ओळीवर आहे.

तिचे बाबा तिच्याशेजारी, परिझातच्या जागेवर बसले होते, गुडघे अडकवून. त्यांचे डोळे भरले होते. "सावकाश वाच," ते हळूच म्हणाले. "मी बसलोय."

एजे खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि पान संपेपर्यंत वळल्या नाहीत. पान संपलं तेव्हा म्हणाल्या, "तिसरी. परिझात, तुझी जागा घे. बाबांना उठायला मदत करा कुणीतरी."

मित्रांनो, आता माझ्यावर हिरवा रंग आला आहे, पण पावसाळी दिवसांत अजून कुरुतचा वास येतो. मला रंग द्या, खिळे ठोका, आखूड पायाचा ठोकळाही बघा, एवढी काळजी घ्याच. फक्त घरी जाऊन कुणाला तरी सांगा की एक दिवस शाळेत येऊन माझ्यात बसा, पुस्तकात डोकावा आणि बोट कुठे आहे ते पाहा. गुडघे थोडे दुखतील. पण मी दोघांचा बाक आहे, आणि एकाच बाजूला बसलं की मी अजून डुगडुगतो.