मी आईला सर्व्हरच्या वाटेत बसवलं

आमच्या वर्गाच्या सगळ्या नोट्स ज्या वेबसाइटवर असतात ना, ती माझी आहे! चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवरून चालते. हाच माझा सर्व्हर. तो बाहेरच्या जगाला दिसावा म्हणून मी राउटरमध्ये एक वाट उघडली, आणि घरातल्या बाकी कॉम्प्युटरपासून तो वेगळा राहावा म्हणून पहिल्या राउटरमागे दुसरा राउटर लावून सर्व्हर त्याच्या मागे जोडला; बाकी सगळे कॉम्प्युटर पहिल्यालाच राहिले. "एकदम कडेकोट," असं आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले होते.

मंगळवारी शाळेतून आले, दप्तर टाकलं आणि सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. कुणीतरी आत शिरलं होतं. आणि तिथून घरातल्याच एका पत्त्यावर पुन्हा पुन्हा जात होतं. तो पत्ता मला पाठ होता. आईचा कॉम्प्युटर!

आई घरी बसून हॉस्पिटलचे रिपोर्ट टाइप करते. पेशंटची नावं, आजार, सगळं. त्यातलं काही बाहेर गेलं तर काम गेलं, असं त्यांनी तिच्याकडून लिहूनच घेतलंय.

"पण मी वेगळा केला होता ना!" मी ओरडले.

दादा सोफ्यावर लोळत होता. "काय झालं, इंजिनियरबाई?"

मी सांगितलं. तो उठला, वायरी बघितल्या आणि त्याचं हसू गेलं.

"अगं येडे, दुसरा राउटर म्हणजे आतली खोली, पहिला म्हणजे हॉल. आतल्या खोलीतला माणूस बाहेर कुठून जाणार? हॉलमधूनच ना? आणि हॉलमध्ये तू आईला बसवलंयस."

आत ठेवायचं होतं आईला. बाहेर ठेवायचं होतं सर्व्हरला. मी सर्व्हरची वायर उपटली आणि आईकडे धावले.

"आई, ऊठ."

"थांब गं, एवढा एकच राहिलाय."

"आई, ऊठ ना, प्लीज!"

माझा आवाज ऐकून तिने चष्मा काढला आणि खुर्ची सोडली. रिपोर्टच्या फोल्डरला पासवर्ड नव्हता. घरातल्या घरात कशाला, म्हणून मीच काढला होता. मी नोंद शोधली. फोल्डर दोन वाजून दहा मिनिटांनी उघडला होता.

"दोन दहाला तू काय करत होतीस?" मी विचारलं. मनात म्हणत होते, नुसतं 'काम' म्हण, आई. एकदाच म्हण.

"जेवत होते. का गं?"

दादानेच तिला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त फोन हातात घेतला.

"कुणाला?"

"हॉस्पिटलला. त्यांना कळायला हवं."

"पण तुझं काम जाईल! मी सांगते ना, चूक माझी आहे."

"चूक तुझी. सही माझी आहे."

फोन लागला. आईने नाव सांगितलं, दोन वाक्यं बोलली आणि अडली. राउटर, सर्व्हर, यातलं तिला काय ठाऊक? तिने फोन माझ्याकडे केला.

"नमस्कार," मी म्हणाले. "सर्व्हर मी जोडला होता. चुकीच्या बाजूला जोडला होता. दुपारपासून काय काय झालं ते सांगते, लिहून घ्या."