सासूबाईंचा आवाज

गिरणीत मागांचा एवढा खडखडाट असतो, की आम्ही बायका एकमेकींचं बोलणं ओठांवरूनच ओळखतो. घरी सासूबाईंची कटकट वेगळीच. साधं मीठ मागायचं तरी घर डोक्यावर घेतात. मीही कमी नाही, दुप्पट आवाजात उत्तर देते.

काल बंद खिडकीच्या काचेतून त्या शेजारणीशी बोलताना दिसल्या. माझ्याच चुगल्या असणार! आता रंगेहाथ पकडते म्हटलं, आणि त्यांच्या ओठांवर नजर रोखली.

“गिरणीपायी पोरीचे कान गेले गं,” त्या सांगत होत्या. “ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. पण तिला बोलू नकोस हं, जिवाला लावून घेईल.”

मी फळीवरचं घड्याळ उचलून कानाला लावलं. मग समोर धरून बघितलं. काटा व्यवस्थित फिरत होता.