पहिली निवड मर्व्हची

बिडी व्यायली त्या दिवशी डेसनं दाढी केली नव्हती. आदल्या दिवशीही केली नव्हती. मार्चमध्ये आम्ही गाई विकल्या, सगळ्या सहासष्ट, आणि तेव्हापासून माझा नवरा व्हरांड्यातल्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. एक्केचाळीस वर्षं पहाटे साडेचारला उठणारा माणूस नऊ-नऊ वाजेपर्यंत पांघरुणात पडून राहायला लागला. त्याचे गुडघे गेले होते, गाई विकणं भाग होतं, हे मलाही कळत होतं. पण आमच्या गिप्सलँडच्या या टेकड्यांत गाई विकल्यावर वर्षाच्या आत गेलेले तीन बाप्ये मी नावानिशी सांगू शकते.

बिडी ही आमची टेरिअर कुत्री. मांजरापेक्षा जराशी मोठी, आणि स्वतःला बैल समजणारी. कपडे धुवायच्या खोलीत, जुन्या सफरचंदांच्या खोक्यात तिनं दोन तासांत चार पिल्लं घातली. मी टॉवेल घेऊन शेजारी बसले होते आणि ती माझ्याकडे असं बघत होती, जणू मीच तिला या भानगडीत पाडलंय. चौघंही काळीकुट्ट. मोठेपणी त्यांच्या अंगावर निळसर-तांबूस रंग चढतो, पण लहानपणी सगळी एका कोळशाची. म्हणून मी प्रत्येकाच्या गळ्यात लोकरीचा धागा सैल बांधला. दोन मुलगे लाल आणि निळा, दोन मुली हिरवी आणि पिवळी. नावं ठेवायची नाहीत, हा माझा नियम. नाव ठेवलं की ते पिल्लू घरातून जात नाही.

रोज सकाळी मी त्यांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची.

"परवा याच काट्यावर केकचं पीठ होतं," डेस खुर्चीतून ओरडला.

"मग? धुतला होता मी."

"कधी? पिल्लांच्या नंतर आणि पिठाच्या आधी, की पिठाच्याही नंतर?"

त्या महिन्यात तो बोललेलं सगळ्यात लांब वाक्य ते. मी काटा उचलला आणि पुन्हा एकदा धुतला.

आता मर्व्हबद्दल सांगायला हवं. पिल्लांचा बाप, मेजर, हा मर्व्ह टकेटचा कुत्रा. आमच्याकडची रीत अशी की बापाच्या मालकाला पैसे द्यायचे नाहीत, पहिली निवड द्यायची. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की तो येणार, सगळ्यांच्या आधी हवं ते निवडणार, आणि आठ आठवडे भरले की घेऊन जाणार. कागद नाही, सही नाही. डेसनं फाटकावरून मर्व्हशी हात मिळवला होता, आणि आमच्या भागात डेस पास्कोनं हात मिळवला म्हणजे विषय संपला. मर्व्ह जन्मभर जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारत आलेला माणूस. रिटायर झाला तरी "पाणी द्या" सुद्धा बोली लावल्यासारखं म्हणतो. आणि त्याला कायम तेच हवं असतं, जे दुसऱ्याला हवंय.

बाराव्या दिवशी डोळे उघडले. चौथ्या आठवड्यात मी लापशी सुरू केली. ती त्यांनी प्रथम पायांनी खाल्ली, मग कानांनी, आणि उरलेली एकमेकांच्या अंगावरून चाटली. मग दात आले. माझ्या टेबलाचा एक पाय, कपाटाचा कोपरा आणि पाद्रीबुवांच्या डाव्या बुटाची नाडी असा त्यांचा पहिला फराळ झाला.

आणि मग लाल पिल्लानं तो उद्योग सुरू केला.

एके दिवशी पहाटे साडेचारला ते खोक्यातून उडी मारून बाहेर आलं, बोळ लुटूलुटू ओलांडून आमच्या खोलीत शिरलं, आणि डेसचा मोजा तोंडात धरून भुंकायला लागलं. तोंडात मोजा धरून भुंकणं सोपं नसतं, तरी त्यानं जमवलं. डेसनं शिवी हासडली. पिल्लू हललं नाही. शेवटी डेस उठला, गमबूट घातले, आणि त्याला घेऊन रिकाम्या गोठ्यापर्यंत गेला. तासाभरानं परत आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत दवानं भिजली होती.

"हे कार्टं मला कामाला लावतंय," तो म्हणाला. "मुकादम आहे नुसता." आणि मोरीत जाऊन दाढी केली.

दुसऱ्या दिवशीही साडेचार. तिसऱ्या दिवशीही. गोठ्याच्या वाटेवरचं कुंपण मोडलंय हे डेसच्या लक्षात आलं, ते त्यानं नीट केलं. मग पत्रा. मग माझी गळकी टाकी, जिच्याबद्दल मी सहा वर्षं कानीकपाळी ओरडत होते. मला माझा नवरा परत मिळत होता, आणि तो परत आणणारा दीड किलो वजनाचा प्राणी काही आठवड्यांनी मर्व्ह टकेट उचलून नेऊ शकत होता.

"मर्व्हला सांग ना, लाल सोडून कुठलंही घे," मी म्हटलं.

"शब्द दिलाय, नोएलीन. पहिली निवड त्याची. त्यात 'हे सोडून' बसत नाही."

"अरे पण..."

"आणि त्याला तसं सांगितलं तर तो दुसरं कुठलं घेईल असं वाटतं तुला?"

हे मात्र खरं होतं. म्हणून मी माझ्या पद्धतीनं बंदोबस्त करायचं ठरवलं. मर्व्ह यायच्या दिवशी सकाळी निळ्याला अंघोळ घातली, विंचरलं, गळ्यात नवीन धागा बांधला. आणि लालला खायला घातलं. लापशी, खिमा, दूध, वर वाटीभर कस्टर्ड. दहा वाजता तो फरशीवर आडवा पडला होता, पोट एकीकडे, पाय चारीकडे. असलं बेंगरूळ पिल्लू मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मर्व्ह आला. निळा, हिरवी आणि पिवळी त्याच्या पँटला लोंबकळली. लालनं एक डोळा उघडला, ढेकर दिली, आणि मिटला.

"हा," मर्व्ह म्हणाला.

"हा?" माझा आवाज चिरकला. "अरे, हा मंद आहे मर्व्ह. बघ ना, जागचा हलत नाही."

"शांत आहे."

"आळशी आहे! आणि त्याचं पोट बघ, काहीतरी दोष असणार."

मर्व्हनं टोपी मागे सरकवली. "नोएलीन, चाळीस वर्षं बाजारात काढलीत मी. घरचा माणूसच मालाला नावं ठेवायला लागला की समजायचं, माल अव्वल आहे. लाल माझा."

मी स्वतःच्या तोंडावर टॉवेल मारून घेतला. डेस नुसता उठला आणि टाकी तपासायला गेला, जी आता गळत नव्हती.

पुढचे दोन आठवडे मी मुलींची स्थळं बघितली. हिरवी पोस्टातल्या डल्सीकडे, पिवळी शाळेच्या हेडमास्तरांकडे. मास्तरांना मी तीन कप चहा पाजून बावीस प्रश्न विचारले आणि त्यांचं कुंपण बघायला स्वतः गेले. डल्सी वैतागली.

"मी काय नवरा मागायला आलेय का गं?"

"नवऱ्याला इतकं तपासत नाहीत," मी म्हटलं. "तो पळून गेला तर शोधायला जावं लागत नाही."

निळ्याला आम्ही ठेवून घेणार होतो, बिडीचं वय झालं म्हणून. निळा गुणी होता. खायचा, झोपायचा, उठवला तर उठायचा. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नव्हती, पण त्यानं आमच्या डेसला एकदासुद्धा अंथरुणातून काढलं नसतं.

मर्व्ह घेऊन जाणार त्या सकाळी नऊ वाजता डेस मोरीत दाढी करत होता. मुली आदल्या दिवशीच गेल्या होत्या; उरलेली दोन्ही पिल्लं खोक्यात एकमेकांत पाय गुंतवून गाढ झोपली होती. मी कात्री घेऊन गुडघ्यांवर बसले. माझा बाप चर्चमध्ये वर्गणीचं ताट फिरवायचा, मी आयुष्यात कुणाची पिन चोरली नाही. पण मी लाल धागा कापला, निळा कापला, आणि एकाचा दुसऱ्याला बांधला. डोळे इतके भरले होते, की पिल्लांच्या तोंडाकडे मी धड पाहिलंसुद्धा नाही.

दहाला मर्व्ह आला. लाल धागा बघितला, पिल्लू फळांच्या पेटीत घातलं, टोपी हलवली आणि गेला. डेसचा चेहरा अगदी शांत होता. मला वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस. दुपारी आम्ही मटण खाल्लं आणि डेस चक्क शीळ घालत होता. मीही गुणगुणत होते. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. निळा धागावाला दिवसभर बिडीच्या पोटाशी झोपून होता. भाऊ गेला म्हणून उदास असेल, असं आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला डेस पलंगावर बसून होता. मोजा जमिनीवर होता. कुणीही तो ओढत नव्हतं.

आम्ही दोघं खोक्याजवळ गेलो. निळा धागावाला घोरत होता.

"थकला असेल," मी म्हटलं.

"नोएलीन, हा मुकादम नाही."

"असं कसं होईल? मी स्वतःच्या हातानं..." मी जीभ चावली.

"तू स्वतःच्या हातानं काय?"

मी सांगितलं. डेस सावकाश खाली बसला.

"किती वाजता?"

"नऊ. तू दाढी करत होतास."

"मी सहालाच बदलले होते," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "तू? डेस पास्को? तू मर्व्हला फसवायला निघाला होतास?"

"तुला तो हवा होता म्हणून."

"मला? माझं कपाट खाणारं ते कार्टं मला कशाला हवं होतं? तुला हवा होता!"

आम्ही इतके हसलो की बिडी उठून दुसऱ्या खोलीत गेली. दोघांनी मिळून मर्व्हला दोनदा फसवलं होतं, आणि त्याचा कुत्रा त्यालाच प्रामाणिकपणे पोचवला होता.

पण त्या दिवशी डेसनं दाढी केली नाही. दुसऱ्या दिवशी तो नऊला उठला. तिसऱ्या दिवशी साडेनऊला. चहा तसाच गार झाला. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला मर्व्हची गाडी फाटकात आदळली. कोटाखाली पायजमा, डोळे लाल, केस उभे. हातात फळांची पेटी, आणि पेटीच्या फटीतून एक काळं नाक.

"तुम्ही मला टोपी घातलीत!" तो ओरडला. ओरडा ऐकून डेस आतून आला, खाटेवरनं उठला तसाच. "साडेचार! चार दिवस! मोजे, चपला, आयव्हीचा चष्मा! आज बायकोनं मला पिल्लासकट शेडमध्ये झोपायला सांगितलंय. मी निवडला तो गरीब गाय होता, आणि घरी निघाला हा राक्षस! हा माझा नाहीच!"

मी मनात म्हटलं, अरे बाबा, तू निवडलास तोच हा. वाटीभर कस्टर्ड चढवलेला.

"तुझ्या बायकोला मी विचारत नाही," मर्व्ह म्हणाला. "ती वकिलालाही घोळात घेईल. डेस, तू सांग. तू खोटं बोलत नाहीस, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. लोकर बदलली होती की नाही?"

डेसनं पेटीकडे पाहिलं. नाक आत गेलं, आणि पेटीच्या आतून भुंकणं सुरू झालं. डेसची हनुवटी हलली. मला वाटलं, आता हा सगळं सांगणार, आणि संपलं.

"बदलली होती," डेस म्हणाला.

"कधी?"

"तू न्यायला आलास त्या सकाळी. सहा वाजता. माझ्या हातानं."

शब्द न् शब्द खरा. फक्त माझे नऊ वाजले होते त्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली त्यात पहिल्यांदाच मी न विचारलेलं सांगितलं नाही.

मर्व्ह तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. राग केव्हाच उतरला होता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि ते बघणं मला जड गेलं. "तू, डेस?" तो म्हणाला. "दुसरा कुणी असता तर मी हसलो असतो. हे मी लोकांना सांगणार बरं का."

"सांग."

मी आतून निळा धागावाला आणून दिला. त्यानं मर्व्हच्या कोटात जांभई दिली आणि झोपला.

"बघ!" मर्व्ह म्हणाला. "हाच तो. मी लगेच ओळखला."

त्यानं सगळ्यांना सांगितलं. मर्व्हचा आवाज लिलावाचा, पोचायला वेळ लागत नाही. डेस एकोणीस वर्षं आमच्या जत्रेत भोपळ्यांचा परीक्षक होता. त्याच्या निकालावर कधी कुणी ब्र काढला नव्हता. या वर्षी कमिटीनं पत्र पाठवलं की तुम्ही आता आराम करा. पत्र अगदी गोड होतं. मी ते दोनदा वाचलं आणि कोट चढवला.

"मी जाते मर्व्हकडे. सगळं सांगते. तू एकटा का म्हणून बदनाम व्हायचं?"

"आणि तो मुकादमला मागून घेऊन जाईल. बस खाली."

मी बसले. "वाईट वाटतं का रे?"

डेसनं पत्राची घडी घातली. "वाटतं," तो म्हणाला. "जेवण झाल्यावर, डुलकी लागायच्या आधी. बऱ्यापैकी वाटतं." मग गमबूट ओढून घेतले, आणि मोजा सोडवायला खाली वाकला. "पण पहाटे कामं असतात गं. सोड रे, मुकादमा. सोड म्हणतो ना, उशीर होतोय आपल्याला."