माझ्या पोटातलं हसू

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. झाकण तुटलंय, एक बटण काडी घालून दाबावं लागतं. हसायचं तर खुशाल हसा. हसण्याचं मला वावडं नाही, माझी सगळी गोष्टच एका हसण्याची आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा असा चकचकीत होतो की विचारू नका! काही वर्षं चहाच्या दुकानात गाणी वाजवली. लोक माना डोलवायचे. मग माझ्याहून देखणं यंत्र आलं आणि माझी रवानगी पोत्याखाली झाली. तिथून एका शिकलेल्या लेकाने मला घरी आणलं. त्याची आई जन्मभर लोकांचे संडास धूत आली होती. तिच्या जातीला दुसरं काम कुणी देतच नव्हतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि लेकाला तिच्या आयुष्याचं पुस्तक करायचं होतं.

म्हातारी आधी मला बिचकली. पण एकदा सुरू झाली ती थांबेचना.

"भर उन्हात प्यायला पाणी मागितलं," ती सांगत होती. "बाई पायरीवर उभी राहून वरून ओतायला लागली. तिचं भांडं माझ्या हाताला लागायला नको ना! निम्मं पाणी पायरीवर सांडलं अन् बाईच घसरून आडवी. ओरडते कशी, 'बघतेस काय, उचल मला!' मी हात मागे घेतले. म्हटलं, 'बाई, शिवू का?'"

आणि म्हातारी हसत सुटली. खोकला लागला तरी हसतच होती.

"बाईच्या नवऱ्याने काठीने बडवलं. काम गेलं. चूलही पेटली नाही. पण बाईचं ते तोंड आठवून आपण मायलेकरं हसत हसत झोपलो रे. तुला काही कळत नव्हतं, तरी तूही हसत होतास."

प्रकाशकाने घरी येऊन हे ऐकलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढा मार खाल्लेली बाई हसेल कशी? वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. इथे रडवा तिला."

पुस्तक हातचं जाईल या भीतीने लेकाने लिहिलं, 'आई ढसाढसा रडली.' माझा असा संताप झाला! पण करतो काय? बटण दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

म्हातारीने ते पान लेकाकडून वाचून घेतलं.

"त्या लोकांना मला रडवणं जमलं नाही," ती म्हणाली. "तू घरबसल्या रडवलंस?"

लेकाची मान खाली गेली. त्याने ती ओळ खोडली. प्रकाशकाने बाड परत केलं. कितीतरी उंबरे झिजवल्यावर पुस्तक निघालं, तेव्हा ते पाहायला म्हातारी नव्हती.

प्रकाशन समारंभाला लेकाने मला पिशवीत घालून नेलं. आई नाही तर निदान तिचा आवाज तरी. प्रमुख पाहुणे भाषणात फार गहिवरले. "दुःख अस्सल आहे," ते म्हणाले, "पण ते हसणं लेखकाच्या मनचं वाटतं. पटत नाही."

लेकाने मला टेबलावर ठेवलं आणि काडीने बटण दाबलं. सभागृहभर म्हातारी हसली, खोकली, पुन्हा हसली. रुमाल काढून बसलेल्यांना त्या रुमालांचं काय करावं ते कळेना. टाळी कुणीच वाजवली नाही.

आता मी कपाटावर धूळ खातोय. फीतही झिजत चाललीय. धूळ झटकली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण कुणी आपलं दुःख सांगायला बसलं, तर ते कसं सांगायचं हे त्याला शिकवायला जाऊ नका.

म्हातारी हसली होती. मी ऐकलंय.