उलटा ठसा

मित्रांनो, मी बोराच्या लाकडाचा एक जुना शिक्का आहे, बोटाएवढा. कोरियातल्या एका डोंगराळ गावच्या यांग सू-बोक या शेतकऱ्याचे नाव माझ्यावर कोरलेले आहे. आमच्याकडे सहीच्या जागी शिक्का चालतो. सू-बोकला अक्षरओळख नव्हती, म्हणून तो मला हटकून उलटा मारायचा. त्याची बायको ओक-दान हसायची, "झालं, आजही डोक्यावर उभे राहिलात."

एका वसंतात गावप्रमुख मेंग दारोदार फिरला. "वहिनी, शिक्का द्या. सरकारी खत आलंय. सगळ्यांचे मीच मारतो, तुमची खेप वाचेल." खताच्या आशेने सगळ्यांनी शिक्के दिले. मीही गेलो.

कागद खताचा नव्हता, बंडखोरांच्या यादीचा होता. सरकारला त्या वर्षी 'सुधारलेले बंडखोर' हवे होते आणि गावाने किती द्यायचे, तो आकडा वरून आला होता. आमच्या गावात बंडखोर कसले? दोन बांधकऱ्यांचे भांडण, एवढेच काय ते बंड. पण मेंगला वरिष्ठांची शाबासकी हवी होती. त्याने चाळीस ठसे एका बैठकीत उमटवले. खताचे एक पोते मात्र खरेच आले. ते मेंगच्या शेतात पडले.

उन्हाळ्यात युद्ध पेटले. शत्रू दूर होता आणि बंदुका रिकाम्या बसल्या होत्या. शूर सरकारने ती यादी काढली, सू-बोकसह चाळीस शेतकऱ्यांचे हात बांधले आणि दरीत नेऊन गोळ्या घातल्या. मेंगला पदक मिळाले. ओक-दानची मुले बंडखोराची मुले ठरली. त्यांना कुठेच नोकरी मिळाली नाही.

पन्नास वर्षांनी सरकारला चौकशीची हुक्की आली. नवऱ्याच्या नावावरचा डाग धुऊन काढायला ओक-दान मला आणि जमिनीचा जुना कागद घेऊन कचेरीत गेली.

कारकुनाने यादी पाहिली. "आजी, शिक्का तर खराच आहे."

"शिक्का खरा. हात कुणाचा?" तिने जुना कागद पुढे सरकवला. त्यावर मी तीन जागी होतो, तिन्ही जागी उलटा. यादीत मी सरळ होतो आणि माझे एकोणचाळीस सोबतीही तसेच, एका रांगेत.

कारकून दोन्ही कागदांवर वाकला. मग म्हणाला, "नमुन्याला ठसा लागेल. आणा इकडे, मी मारतो."

मित्रांनो, सरकार बदलते, पण त्याचा हात असाच पुढे येतो. आपले नाव त्या हातात देऊ नका.

ओक-दानने मूठ मिटली. "एकदा दिला होता, बाळा." मग तिने मला शाईत बुडवले आणि स्वतःच्या हाताने उलटा मारला.