दोन सरळ मनोरे आणि सोळा मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. भिंत सरळ उठते आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी दोरीला जे टोकदार वजन टांगतो, तोच मी. खाली पाहणे एवढेच माझे काम. ते मी इतकी वर्षे चोख केले, की खाली म्हणजे काय हे मला ठाऊकच नाही असा संशयसुद्धा मला कधी आला नाही. म्हणून तर त्या दिवशीचा धक्का अजून विसरत नाही.

एका लेथवाल्याने पितळेच्या एकाच कांबीतून आम्हा दोघा भावांना कातून काढले. दोघेही साडेचार किलोचे. ओळख पटावी म्हणून माझ्या डोक्यावर एक खाच, त्याच्या डोक्यावर दोन. आम्हाला घेऊन गेले ते मिस्त्री. ते आम्हाला कधी जमिनीवर टेकवत नसत. काम झाले की पुसायचे आणि खुंटीला लावायचे. पुढे नात झाली आणि तिला लहान झालेली लोकरी टोपी माझ्या वाट्याला आली. नातीला सगळे ठकी म्हणत. पिशवीतून टोपी दिसली की ठकी ती ओढायची आणि मिस्त्री म्हणायचे, "राहू दे ग बाई, त्यालाही थंडी वाजते."

मग नदीवरच्या झुलत्या पुलाचे काम आले. दोन काठांवर दोन पोकळ मनोरे, प्रत्येक नव्वद मीटर उंच, मधले अंतर अकराशे मीटर. मी अलीकडच्या मनोऱ्यात, भाऊ पलीकडच्या. वरून पोलादी तार सोडायची आणि आम्ही झुलू नये म्हणून आम्हाला खाली तेलाच्या बादलीत बुडवायचे. मिस्त्री नावेतून ये-जा करून दोघांवर नजर ठेवत. मनोरे केसभरही कलले नाहीत. पुलाचे मुख्य इंजिनिअर, म्हणजे आमचे मोठे साहेब, एकदा तारेकडे बघून म्हणाले होते, "मिस्त्री, तुमच्या हाताखाली काँक्रीटसुद्धा शिस्तीत वागतं." मी बादलीत होतो, पण ऐकले सगळे.

मनोरे पूर्ण झाल्यावर नवा सुपरवायझर अंतर मोजायचे यंत्र घेऊन आला. पायथ्याशी मोजले, माथ्यावर मोजले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजल्यावर त्याचा चेहरा उतरला. माथ्यावरचे अंतर सोळा मिलिमीटर जास्त भरत होते.

"एक तरी मनोरा बाहेर झुकलाय, मिस्त्री."

"दोन्ही सरळ आहेत साहेब. ओळंबा लावून बघा."

"मग एक तरी ओळंबा खोटा आहे."

आम्हा दोघांना एकाच दांडीला शेजारी शेजारी टांगले. दोऱ्यांमध्ये वर जेवढे अंतर, तेवढेच खाली. दोघेही खरे निघालो. तरी सोळा मिलिमीटर कुठे जाईनात.

सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "उद्या मोठे साहेब येतायत. मला सांगावंच लागेल. वरचा भाग फोडायला लागला तर या कामावर तुम्हाला ठेवता येणार नाही," तो हळूच म्हणाला.

घरी आल्यावर मिस्त्रींनी मला पिशवीतून काढले आणि टेबलावर आडवे ठेवले. पुसले नाही, टोपीही घातली नाही. बोटाने मला इकडून तिकडे लोळवत बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्यावर पहिल्यांदा संशय घेतला. मित्रांनो, उंचावरून पडून मला पोचे आले आहेत, पण असे काही लागले नव्हते.

सूनबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. ठकी लहान म्हणून रजेवर होत्या. "बाबा, आधी जेवा," त्या म्हणाल्या.

"जेवतो. हात वाकडे झालेत म्हणे माझे. घास तोंडाशी पोचतो का बघू."

मग त्यांनी सगळे सांगितले. सूनबाई ठकीला भरवता भरवता ऐकत होत्या. मधेच चमचा थांबला.

"दोन्ही सरळ आहेत ना? मग वर अंतर जास्तच भरणार, बाबा. भरलं नसतं तर काळजी होती."

मिस्त्रींच्या हातातला घास हातातच राहिला. मी तर टेबलावर गार पडलो.

सूनबाईंनी ठकीचा चेंडू घेतला आणि त्यावर काड्यापेटीतल्या दोन काड्या मेणाने उभ्या चिकटवल्या. ठकीने भोकाड पसरले. "थांब ग राणी, तुझा चेंडू जरा वेळ पृथ्वी झालाय," सूनबाई म्हणाल्या. "आता सांगा बाबा, खाली म्हणजे कुठे?"

"खाली म्हणजे खाली."

"खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. अलीकडचा ओळंबा तिकडेच बघतो, पलीकडचाही तिकडेच. काड्या बघा. दोन्ही सरळ उभ्या, पण पायाशी जवळ आणि डोक्याशी लांब."

चेंडूवर तसेच दिसत होते. एका कांबीतले आम्ही दोघे भाऊ, मला वाटायचे आमच्या तारा समांतर आहेत. त्या कधीच समांतर नव्हत्या.

ठकीला मांडीवर घेऊन सूनबाईंनी कॅलेंडरच्या मागे गणित मांडले. पेन्सिल एकीकडून त्या ओढत, दुसरीकडून ठकी. उत्तर आले साडेपंधरा.

"आणि वरचा अर्धा?" मिस्त्रींनी विचारले.

"तो यंत्राचा असेल."

"नको, माझ्याच नावावर राहू दे. चाळीस वर्षांत अर्धा मिलिमीटर चालतो."

मग त्यांनी मला उचलले, बराच वेळ पुसले आणि टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरचे ते पान बघून मोठे साहेब नुसते हसले. त्यांनी पुलाचा नकाशा उलगडला आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. माथ्यावरचे जास्तीचे अंतर तिथे आधीच धरलेले होते. सुपरवायझरने पायथ्याचाच आकडा वर धरला होता. त्या संध्याकाळी शेवटच्या तपासणीनंतर तेलाच्या बादलीतून मला त्याने स्वतः काढले आणि पुसून मिस्त्रींच्या हातात दिले.

पुढे ओळंब्यांच्या जागी लेझर आले. भाऊ पलीकडच्या मनोऱ्यात खुंटीवर राहिला आणि मी सूनबाईंच्या शाळेत आलो. मला वाटले, आता धक्के संपले. पण मला वर्गात टांगून सूनबाई मुलांना सांगू लागल्या आणि मला एकेक नवीनच कळू लागले.

फार पूर्वी लोक म्हणत, जड वस्तूला आपल्या जागी, जगाच्या मध्याशी जायचे असते, म्हणून ती पडते. हे मला पटण्यासारखे होते. नंतर कळले की पृथ्वी ओढते, आणि ओढणे एकतर्फी नसते. मीही पृथ्वीला ओढतो, साडेचार किलोचा मी. शेजारी मोठा डोंगर असला तर तोही मला किंचित आपल्याकडे कलवतो. म्हणजे मी चोख खाली पाहतो, हेही पूर्ण खरे नव्हते. आणि मग त्या म्हणाल्या, त्याच्याही पुढे असे कळले की ओढत कुणीच नाही. जड वस्तूंमुळे अवकाश आणि काळच वाकतात, आणि सुटलेली वस्तू त्या वाकलेल्या जगात आपल्या सरळ वाटेने जाते. ओळंब्याला कुणी ओढत नाही, दोरी त्याला अडवते.

जन्मभर मी दोरीला आधार समजत आलो होतो.

दहा वर्षांची ठकी तेव्हा त्याच वर्गात होती. तिने हात वर केला. "आई... बाई, मग आधीचे सगळे चुकलेच ना?"

"चुकले असते तर आजोबांचे मनोरे त्या गणिताने वाचले असते का? त्यांना जेवढं दिसलं तेवढं त्यांनी नीट मोजलं. पुढच्यांनी आणखी बारकाईनं पाहिलं."

"आणि आत्ताचं तरी शेवटचं का?"

सूनबाई म्हणाल्या, "नाही. अजून काही गाठी सुटायच्यात. त्या तुमच्यापैकी कुणी सोडवेल."

मित्रांनो, आता मी वर्गाच्या कोपऱ्यात असतो. माझ्यावर धूळ साचते. पुसलेत तर बरे वाटेल, टोपी खालच्या कप्प्यात आहे. आणि मोजमाप जुळले नाही तर कुणाला लगेच खोटे ठरवू नका. तो कुठे पाहतो आहे, ते आधी विचारा. मी इथे, भाऊ नदीपलीकडे. आमच्या दोऱ्या समांतर नाहीत हे ऐकून मी हादरलो होतो. पण त्या खाली वाढवत नेल्या तर एका जागी भेटतात, हे आता मला कळते.

फक्त मला टांगताना गाठ नीट मारा. पुढचा धक्का मला इथेच, वर्गात लटकून ऐकायचा आहे.