उभं पीक

आमच्या पाड्यावरून तानीमावशीच्या पाड्यावर जायची वाट मधल्या भातशेतातून होती. माझी आई शुक्री आणि तानीमावशी सख्ख्या बहिणी. रोज दुपारी एक दुसरीकडे जायची आणि ओट्यावर बसून दोघी पाड्यांची उणीदुणी काढायच्या. बाजारला जाणारे, शाळेची पोरं, सगळे त्याच वाटेचे. कोण आजारी, कोणाची सोयरीक जमली, सारं तिथंच कळायचं.

पावसाळ्यात भात लावलं की वाट मोडायची. मग सगळे गपगुमान हायवेवरून वळसा घालायचे. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, हा आमचा कायदा. कापणी झाली की माणसांच्या पायांनी वाट पुन्हा उमटायची.

मग शेत मुंबईच्या शेठनं घेतलं. त्याचा मॅनेजर तुषार हात जोडून म्हणाला, "नवीन लागवड आहे. पीक उभं आहे तोवर जरा बाजूनं जा."

उभं पीक म्हटल्यावर आम्ही माना डोलावल्या. आईनं तर त्याला चहा पाजला. लागवड चिकूची. चिकू कापतात कधी, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. मीसुद्धा त्यातलीच!

पुढे काटेरी तार आली. वाटेवर गवत माजलं. आईचे गुडघे गेले, वळसा झेपेना. आणि यंदा तानीमावशीनं अंथरूण धरलं. "शुक्रीला बघायचंय," एवढंच तिचं चाललेलं.

मी आईला घेऊन तारेपाशी गेले. तुषारला म्हटलं, "वाट सोड."

"कुठली वाट, ताई? इतक्या वर्षांत इथून कोणी गेलेलं मी तरी बघितलं नाही."

"तुझ्या शब्दाला मान दिला म्हणून नाही गेलो!"

"तेच म्हणतोय ना मी. गेला नाहीत."

माझं डोकंच फिरलं. खालची तार पायानं दाबली, वरची हातानं उचलली. "आये, निघ. बघते कोण अडवतो ते."

आई वाकली. आत बघितलं. झाडं चिकूंनी लगडली होती. ती तशीच मागं सरली.

"पीक उभं हाय गं."

"चिकू हाय तो! तू मेलीस तरी उभाच राहील!"

पण ती हायवेकडे वळलीसुद्धा होती. झाडांपलीकडे मावशीच्या घराची कौलं दिसत होती. ट्रकांच्या कडेनं आईचा हात धरून मी चालू लागले. तुषारचा राग होताच. त्याहून जास्त राग मला तिच्या चांगुलपणाचा आला.